सुळेकाकांचा दुसरा आवाज

सुळेकाकांचं आडनाव काही सुळे नव्हतं. उभा जन्म डबिंगमध्ये गेला आणि पडद्यावरच्या बहुतेक व्हॅम्पायरना त्यांनीच आवाज दिला, म्हणून ते नाव चिकटलं. काळा झगा, शवपेटी, मानेला चावा आणि शेवटी उन्हात राख, असा सगळा मामला ठरलेला. काका असे गुरगुरायचे की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्टही अंग चोरून बसायचा.

पुढे व्हॅम्पायर देखणे झाले, प्रेमातबिमात पडायला लागले. त्यांचे आवाज कोवळ्या पोरांकडे गेले आणि काकांच्या वाट्याला उरले कार्टूनमधले गेंडे.

"रक्त प्यायचं सोडून कविता कसल्या करतात!" काका करवादायचे.

त्यामुळे बऱ्याच वर्षांनी स्टुडिओतून व्हॅम्पायरसाठी बोलावणं आलं तेव्हा स्वारी इस्त्रीचा सदरा घालून निघाली.

सिनेमातला व्हॅम्पायर म्हातारा होता. शेजारच्या विधवेच्या दारात उभा राहून तो विचारतो, "आत येऊ का?" बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. काकांनी माइकसमोर छाती भरून श्वास घेतला आणि ते गुरगुरले.

"काका, तो घाबरवत नाहीये," डबिंग करून घेणारी तरुण दिग्दर्शिका म्हणाली. "त्याला खरंच आत यायचंय."

"मग व्हॅम्पायर कशाला हवा होता? पाहुणाच घ्यायचा!"

ती हसली, पण टेक काही मान्य होईना. काकांनी आवाज खाली आणला, तर तो वसुलीला आल्यासारखा वाटला. गोड केला, तर फसवायला आल्यासारखा. शेवटी ती अदबीनं म्हणाली, "आज राहू द्या, उद्या बघू." काकांचं तोंड एवढंसं झालं.

घरी काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काकांची सगळी चिडचिड ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "तुमच्या व्हॅम्पायरांमधला मला तो एकच आवडायचा. पावसात खिडकीबाहेर उभा असतो तो."

"तो? अगं, त्याला तर मी सगळ्यात भयानक केला होता!"

"हो ना. म्हणून मी आवाज बंद करून बघायचे."

"इतक्या वर्षांत बोलली नाहीस?"

"तुम्ही किती खुशीत असायचा, अहो. कशाला विरजण घालू?"

काकांनी मुकाट्यानं तो सिनेमा शोधून लावला आणि आवाज पार बंद केला. दोघं शेजारी बसली. खिडकीबाहेरचा तो उंच माणूस आतल्या बाईच्या मानेकडे बघतच नव्हता. त्याची नजर टेबलावरच्या दोन बशांवर होती. नटानं केलेलं एवढं सुरेख काम काकांनी आपल्या गुरगुरण्याखाली गाडून टाकलं होतं.

"बिचारा ताटकळलाय गं," काका हळूच म्हणाले.

"मग मी काय म्हणतेय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेकॉर्डिस्टला तो प्रसंग आधी मुका दाखवायला सांगितला. एकदा, मग पुन्हा एकदा पाहिला. मग माइकजवळ गेले आणि दार उघडणारच नाही अशी खात्री असलेल्या माणसासारखं विचारलं. शेवटचा शब्द जरा चिरकला. "पुन्हा घेऊ," काका ओशाळून म्हणाले.

"अजिबात नाही," दिग्दर्शिका म्हणाली.

सिनेमा लागला तेव्हा काका-काकू दुपारच्या खेळाला गेले. दारातला प्रसंग आला आणि पुढच्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली, "अगं, घे ना त्याला आत!" सगळं थिएटर हसलं. काकू मात्र पदरानं डोळे टिपत होत्या.

"एकही माणूस घाबरला नाही," काका कुरकुरले. पण हात काकूंच्या हातातून काढून घेतला नाही.

आठवड्याभरात दिग्दर्शिकेचा पुन्हा फोन आला. या खेपेचा व्हॅम्पायर आजोबा होता आणि त्याची दाढ दुखत होती.

"वरची की खालची?" काकांनी गंभीरपणे विचारलं, आणि गालात जीभ घालून तिथल्या तिथे बोलून बघायला सुरुवात केली.