गाडीत मायबाई

समुद्रकाठच्या त्या गावात मीठ अमाप, गोडं पाणी मात्र मोजकंच. धानोऱ्याहून मिठागरावर मजुरीला आलेल्या उखा आणि रेवाबाईच्या फुलीला तिथंच देवी आल्या. पोर चार वर्षांची. मुकादमाला कळलं त्याच दिवशी त्याने खोपटं सोडायला लावलं. आता पॅसेंजरने सुरत गाठायची, तिथून नंदुरबार, आणि गावच्या थानकावर देवीच्या, मायबाईच्या, पायाशी पोर घालायची, एवढंच रेवाबाईला सुचत होतं.

पोरीच्या अंगावर फोड दिसल्यापासून रेवाबाई अनवाणी होती. घरात फोडणी नाही, कुणाला चढा शब्द नाही. रोज ओलेत्याने कडुलिंबाचा ताजा डहाळा ती फुलीच्या उशाशी ठेवी. गाडीतही तो होताच.

फलाटावर जुनी पॅसेंजर सूं सूं करत उभी होती. कोपऱ्यातली जागा त्यांना नंदुरबारच्या हबीब पिंजाऱ्याने करून दिली.

"बस ताई. ही गाडी आनि मन्हा आजा एकाच वयना. दोन्ही खोकतस, पन चालतस."

रेवाबाई कितीतरी दिवसांनी हसली. तेवढ्यात हबीबची नजर डहाळ्यावर गेली. तो खाली वाकून कुजबुजला, "ताई, तो पाला पदरखाल दपाड. गार्डनी दखा तं उतरी देई."

"मायबाई शे ती, भाऊ. चोर थोडीच शे, दपाडाले?"

गार्ड आलाच. वयस्कर माणूस, आवाज मऊ. लुगड्याखाली झाकलेल्या पोरीकडे पाहून तो थांबला.

"काय झालं हिला?"

"हिवताप," उखा म्हणाला.

"आणि हा पाला?"

"डास लागतस ना साहेब."

गार्डने मान हलवली. तो वळलाही. मग काय वाटलं कोण जाणे, रेवाबाईला म्हणाला, "देवी तर नाहीत ना, बाई?"

उखा तिच्याकडे बघत राहिला. हबीबने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. फुलीचं तापलेलं डोकं तिच्या मांडीवर होतं. रेवाबाईने हात जोडले.

"मायबाई आंगवर उनी शे, साहेब."

डबा भराभर रिकामा झाला. एका म्हातारीने जाता जाता फुलीला लांबूनच नमस्कार केला. गार्डनेही टोपी काढली आणि तीच टोपी हातात धरून दाराकडे खूण केली.

"मला चालवून घेता येत नाही, बाई. माझ्या घरी पण लेकरं आहेत."

"पायदानवर बसू साहेब. कोनले शिवाव नई," उखा म्हणाला.

"उतरा, बाबा."

हबीबने आपली पाण्याची सुरई खिडकीतून खाली दिली. गाडी हलली तेव्हा तो काहीतरी सांगत होता, पण चाकांच्या आवाजात ते कळलं नाही.

फलाटाला सावली नव्हती. रेवाबाईने फुलीच्या ओठांवर थेंब थेंब पाणी सोडलं. पोरीने दोन घोट घेतले, तिसरा गालावरून ओघळला.

"नई म्हनती तं पोर घर पोचती," उखा म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला सोसेना.

"पोरना आंगवर ती बशेल शे. तिनासमोर कशी नई म्हनू?"

स्टेशनच्या हमालाने लांबूनच हाक मारली, "ए, फलाट सोडा!"

उखाने पोर खांद्यावर घेतली.

"कोठे?" रेवाबाईने विचारलं.

त्याने रुळांकडे पाहिलं, मिठागराकडे पाहिलं. मग फलाटाच्या पायऱ्या उतरून, पोरीला तशीच छातीशी धरून, तो उन्हात खाली बसला.