रुखमाच्या दारचा लिंब

रुखमा शकुबाईच्या छपरीत मटकन बसली. सकाळपासूनची ही तिसरी खेप. घरोघरी आरोग्याचं सांगत फिरणाऱ्या आशाताईचं काम म्हणजे ऐकणारा एक अन् ऐकवणारे दहा! पाय भरून आले होते, घसा बसला होता, अन् तिकडे अंगणवाडीत दिव्यानी सिस्टर घड्याळ बघत बसली होती. गोवराच्या सुईचं औषध एकदा कालवलं की चार तासांत वापरायचं, नाहीतर फेकायचं. तास उरला होता एक.

शकुबाईचा नातू आयुष दहा महिन्यांचा, अजून बिनसुईचा. गावात तीन दारांवर कडुलिंब लटकला होता. लिंब म्हणजे घरात माता आलेली, पोराच्या अंगावर गोवर उठलेला. फोडणी बंद, पाहुणा बंद, औषधाचं तर नावच नको. त्यातली एक पोरगी कालच चंद्रपूरच्या दवाखान्यात नेली, धाप लागली म्हणून. उद्या आयुषला झालं तर?

"सुई नाई म्हंजे नाई," शकुबाई तांदूळ पाखडत म्हणाली. "सुईनंच माता येते."

"कोनं सांगतलं तुले?"

"सांगाले कायले पायजे? डोळ्यानं पाह्यलं ना. तुह्या नातवाले, सुरजले, सुई देल्ली अन् आठव्या दिवशी तुह्याच दारावर लिंब!"

घ्या! सालभर रुखमा डोकं खाजवत होती, लोक सुईला काऊन बिथरले म्हणून, अन् मूळ तिच्याच चौकटीला टांगलेलं होतं.

सुरजला तेव्हा ताप आला होता, छातीवर चार पुरळ उठले होते. असं होतं, दोन दिवसांत जातं, हे तिनंच शंभर आयांना सांगितलेलं. पण आपलं लेकरू तापलं तसं सगळं शिकलेलं पाण्यात गेलं, अन् दिवस उगवायच्या आत तिनं लिंब बांधला. आता सुनेवर ढकलता आलं असतं, गावाला पटलंही असतं. पण खोटं रेटायलाही अंगात जोर लागतो. तो आज नव्हता.

"तो लिंब म्या बांधला," ती म्हणाली. "माता नव्हती, शकुबाई. सुईचा ताप होता, उतरला. मले ठाऊक होतं, तरी भेव लागलं. चुकलं माहं."

शकुबाईचं सूप थांबलं. "आशाताई असून?"

"आजी बी हावो ना मी."

"मंग आमचंच भेव तुले अडानी काऊन वाटते?"

 रुखमानं मान खाली घातली. शकुबाईनं सूप बाजूला ठेवलं अन् आयुषला कडेवर घेतलं.

"चाल. पन याले ताप आला त तू इथी येऊन बसशील. उतरेपर्यंत."

सुई दिली त्याच्या आठव्या दिवशी आयुषला ताप आला. रुखमा येऊन छपरीत बसली, तापाच्या गोळीचा तुकडा विरघळवून पाजला, ओलं फडकं फिरवत राहिली. जीव आताही घाबरत होता, खोटं कशाला बोला. दुसऱ्या दुपारी शकुबाई डहाळी घेऊन चौकटीशी उभी राहिली.

"बांधू का वं?"

"सांजपर्यंत थांब."

शकुबाई डहाळी मांडीवर घेऊन तिच्याजवळच बसली. उन्हं कलली तसा आयुषला घाम सुटला. त्यानं डहाळी ओढून तोंडात घातली, अन् कडू लागताच असं भोकाड पसरलं की रुखमाला हसता हसता रडूच फुटलं.

शकुबाईनं डहाळी बकरीपुढे टाकली.

"जाय, झोप आता घरी," ती म्हणाली. "सोमाजीचा नातू बी बिनसुईचा हाये. त्याच्या घरी उद्या मी येतो तुह्यासंगं."