नवसीच्या हाताची भिंत

मी नवसीच्या घरची भिंत बोलतेय. कारवीच्या काड्या, त्यावर शेणमाती, एवढाच माझा जीव. पालघरपासून बरंच आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा. झिपरूने मला उभं केलं आणि त्याच्या नव्या नवरीने, नवसीने, मला लिंपलं. तेव्हापासून मी तिचीच.

आमच्याकडे चित्र काढत नाहीत, लिहितात. पाड्यात कुठेही लग्न निघालं की लग्नघराच्या भिंतीवर देवीचा चौक लिहायला नवसीलाच बोलावणं यायचं. चौकात मधोमध पालघट देवी बसल्याशिवाय लग्न लागत नाही. एरवी ती माझ्यावर लिहायची. तांदळाचं पीठ कालवायची, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायची आणि गुणगुणत बसायची. मला गुदगुल्या व्हायच्या.

मागे केळव्याच्या समुद्रावर निघालेली शहरातली माणसं वाट वाकडी करून आली होती. तुमची प्रेरणा काय, शैली काय, असं विचारू लागली. झिपरूची बहीण जिवली बोईसरला कापडावर चित्रं काढून विकते. तिने लगेच सांगितलं, मोर, हरणं, तारपा वाजवणारे, गिऱ्हाइकाला आवडेल ते. नवसी मात्र गोंधळली. मग म्हणाली, "मुंग्या कशा चालतान तां बघते न लिवते. दुसरा काय नाय." माणसं हसली. मला त्यांचा राग आला.

पुढे झिपरू तापाने गेला आणि सगळंच फिरलं. चौक लिहायचा तो सवाशिणीने. नवसीला बोलावणं बंद झालं.

आज तिच्याच लेकीचं, ठमीचं लग्न आहे. ठमी हळद लावून बसलीय. काल मला गेरू फासला तो नवसीनेच, त्याला कुणी हरकत घेतली नाही. आज काडी जिवलीच्या हातात आहे. तिने चौक कधी लिहिलेलाच नाही. नवसी माझ्याकडे पाठ करून अंगणात बसलीय आणि तिथून एकेक रेघ सांगतेय. कडा झाल्या, झाडं झाली. देवीपाशी येऊन जिवलीचा हात थांबला. ती बाहेर गेली आणि तिने काडी पुढे केली.

"वयनी, तूच लिव. मना नाय जमत."

जमलेल्या बायांतली कुणीही नको म्हणाली नाही. नवसीनेच दोन्ही हात लुगड्यात लपवले.

"माजा हात लागला न पोरीचा वाईट झाला त?"

पीठ सुकत चाललंय. वऱ्हाड वाटेला लागलंय. माझ्या मधोमध देवीची जागा तशीच रिकामी आहे. मला पाय असते तर मीच अंगणात गेले असते. नवसी, ये गं. तुझ्या हाताने कुणाचं वाईट होईल कसं? तो हात सगळ्यांत जास्त माझ्यावर फिरलाय आणि मी अजून उभी आहे. कुणीतरी एवढं तिला सांगा. माझं बोलणं तिला ऐकू जात नाही.