ओला हात आणि शिसे

जमिनीवर दोन दात होते, एक अख्खा, एक अर्धा. शेडमध्ये माणसे चौदा, पातळ शिशाची कढई एक, हळदीच्या पाण्याची घागर एक आणि मांडणीवर कथलाच्या विटा अकरा. आदल्या संध्याकाळी मी बारा मोजल्या होत्या. सकाळी तसे सांगितलेही मीच.

दात चंद्रमौळीचे होते. शेड त्या दिवशी त्याने उघडली होती, म्हणून वीट त्याने चोरली, एवढाच पुरावा. त्याला खांबाला बांधून दोघे जण आळीपाळीने सळईने पोटऱ्यांवर मारत होते. तो तमिळमध्ये रडत होता आणि मध्येच मराठीत आईला हाक मारत होता.

ही १९६१ सालची गोष्ट. मद्रासच्या गिंडी औद्योगिक वसाहतीत आमचा सोल्डरच्या कांड्या ओतायचा लहानसा कारखाना होता. बी.एस्सी. होऊन मला तिथे लागून पाच महिने झाले होते. मालक कोइंबतूरला गेले की शेडमध्ये मानाजी मिस्त्रींचा शब्द चाले. ते आमच्याच तंजावरकडचे, म्हणून मी त्यांना मामा म्हणत असे.

"पुरे," मानाजीमामा म्हणाले. "सळई काय विचारणार? आता आईच विचारील. सोडा त्याला."

आई म्हणजे कढईवरच्या तसबिरीतली मारिअम्मा. दर आयुधपूजेला मामा घागरीतल्या पाण्यात हात बुडवत आणि तोच हात सगळ्यांदेखत पातळ शिशातून झर्रकन फिरवून काढत. हाताला काही होत नसे. खऱ्याला शिसे भाजत नाही, असे ते सांगत. कोणावर आळ आला की त्यालाही कढईत हात घालावा लागे. फक्त त्याला पाणी मिळत नसे, कारण आईचे पाणी चोराने बाटवायचे नाही. मी कामाला लागण्याआधी तिघांनी असा हात घातला होता. तिघेही भाजले, म्हणून तिघेही चोर ठरले.

"मामा, तुमचा हात ओला असतो," मी म्हणालो. "त्यांचा कोरडा होता. फरक तेवढाच आहे."

"तुजला पाच महिने झाले, तंबी. मजला एकवीस वर्षे."

"पाण्याची वाफ होते. तिचा पातळ थर शिसे आणि कातडीच्या मध्ये येतो. वाफेतून उष्णता सावकाश जाते. क्षणभर हात वाचतो. खऱ्याचाही, खोट्याचाही."

"वाफेनं चोर वाचतो, ऐका रे!" कोणीतरी हसले. दोघांनी चंद्रमौळीला दंडाला धरून कढईकडे ओढले. त्याचे पाय घासत येत होते.

मी पायरोमीटरची कांडी शिशात बुडवली. चारशे सत्तर अंश. पुरेसे होते. मी नळाखाली हात धरला, आईच्या घागरीला शिवलो नाही, आणि मोठ्याने म्हणालो, "माझं नाव अलमेलू. मला नऊ मुलं आहेत. कथलाची वीट मीच चोरली."

आणि चार बोटे शिशातून फिरवून बाहेर काढली. बोटांना थोडी ऊब लागली. मी हात सगळ्यांसमोर धरला.

 मग मागून एक जण ओरडला, "अलमेलू, नवरा कोण गं?" सगळे हसले. चंद्रमौळीही फुटक्या तोंडाने हसला.

"तीन वाक्यं, तिन्ही खोटी," मी म्हणालो. "भाजलं का?"

मानाजीमामांचा चेहरा काळवंडला. त्यांनी पुष्कळ वाद घातला: मी ब्राह्मण म्हणून आईने सोडले, मी थट्टा केली म्हणून आईने ती जमेस धरली नाही, खरा आळ माझ्यावर नव्हताच. प्रत्येक मुद्द्याला मी उत्तर दिले. मला मजा येऊ लागली होती. त्यात वीस मिनिटे गेली. शेवटी ते म्हणाले, "ठीक. देतो त्याला पाणी. मग तरी मानशील?"

"मानीन," मी म्हणालो.

चंद्रमौळीने घागरीत मनगटापर्यंत हात बुडवला. मी सवयीने पुन्हा कांडी शिशात घातली. काटा चारशेच्या खाली आला, साडेतीनशेच्याही खाली आला आणि तीनशे चौतीसवर थांबला.

कढईखाली पाहिले तर निखारे नव्हते. चंद्रमौळीबरोबर कढई सांभाळणारा वेंकोबा फावडे घेऊन उभा होता.

"मीच ओढले बाहेर," तो हळूच म्हणाला. "भाता पण बंद केला. तेवढंच कमी भाजेल, सार."

शिसे तीनशे सत्तावीस अंशांना गोठते. इतक्या कमी उष्णतेत थंड, ओला हात गेला तर वाफेचा थर टिकत नाही आणि शिसे कातडीवरच थिजते. मी ओरडलो, "थांबा! आग वाढवा! अजून शंभर अंश तरी तापवा!"

बाकीच्या सगळ्यांना त्याचा एकच अर्थ लागला.

"आतापावेतो वाचवीत होतास, आता जाळतोस काय रे?" मानाजीमामांच्या हातातल्या पळीचा दांडा माझ्या कानशिलावर बसला. मी गुडघ्यांवर पडलो. दुसरा फटका मानेवर आला. कोणीतरी बुटाने माझा हात जमिनीवर दाबून धरला.

"चंद्रमौळी, नको!" मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले. नक्की कळले नसावे. माझी बोटे त्याने धडधाकट पाहिली होती. शिवाय त्याला ते सगळे संपवायचे होते. त्याने "अम्मा" म्हटले आणि हात घातला.

बाहेर आला तो हात करडा आणि चकचकीत होता, बोटे एकमेकांना चिकटलेली. आवाज एका श्वासानंतर निघाला. वेंकोबाने धावत येऊन सांडशीने शिसे सोलायला घेतले, आणि त्याच्याबरोबर कातडी निघाली. चंद्रमौळी घागरीवर कोसळला, घागर फुटली.

मानाजीमामा माझ्यावर वाकले. "पाणी दिलं. तुझं म्हणणं मानलं. तरी भाजला. आता बोल."

 

त्याला लॉरीत घालून इस्पितळात नेले. हात मनगटापासून काढावा लागला. मी शेडमध्ये मागे राहिलो, सांडशीने काढलेले पापुद्रे गोळा केले, चिमट्याने कातडी वेगळी केली आणि हातावर किती शिसे थिजले ते पाहायला ते कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या तराजूत ठेवले.

एकशे अठरा ग्रॅम.