कालिंदीच्या उंबऱ्यावरची पुडी

माझ्या कप्प्यांत अजून हळदीचा वास आहे, मित्रांनो. मी नायगावच्या चाळीतले, जाईबाईंचे जुने पितळी पंचपाळे. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा झाली की जाईबाई मला घेऊन मजल्यावरच्या प्रत्येक बाईला पाटावर बसवून हळदकुंकू लावत. ती बाईही माझ्यातलेच कुंकू चिमटीत घेऊन जाईबाईंना लावी. एवढेच माझे काम. पण त्यात माझा जन्म सार्थकी लागत होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या धामधुमीत आमच्याच मजल्यावरच्या कालिंदीच्या दंडावर पांढुरका चट्टा उठला. डॉक्टर स्वतः चाळीत येऊन सांगून गेले, "महारोग दोन तऱ्हेचा असतो. एक पसरतो, एक पसरत नाही. हिचा पसरणारा नाही. गोळ्यांनी बरा होईल." बायकांनी तेवढा पहिला शब्द ऐकला!

"तऱ्हा म्हणे! कुत्रा चावायला आला तर त्याची तऱ्हा बघता काय?" शेजारची रखमा फणकारली. "जाईबाई, तिच्या कपाळाला बोट लावलंत तर माझ्या लावू नका हां."

एवढे उपासतापास करणाऱ्या जाईबाई, पण त्यांनी रखमाचेच ऐकले. कुंकवाची पुडी कालिंदीच्या उंबऱ्यावर ठेवून आम्ही पुढे गेलो. खाली पुरुष 'सारे मराठी एक' म्हणून घसा फोडत होते, आणि वर एका बाईला पाटावर जागा नव्हती! मी पितळेचे, तरी मला शरम वाटली.

कालिंदी मान खाली घालून दवाखान्यात जात राहिली. दारावर ठळक पाटी: 'महारोग दवाखाना'. आत शिरणाऱ्याचा रोग कुठल्या तऱ्हेचा, हे पाटी कशाला सांगेल? चट्टा मावळला. पुढच्या श्रावणात तिच्या उंबऱ्यावर पुन्हा पुडीच आली.

त्याच शुक्रवारी रखमा जाईबाईंना कुंकू लावायला गेली, तर तिची चिमूट जुळेना. कुंकू सांडले. पदर सावरताना कानांच्या जाड, सुजलेल्या पाळ्या उघड्या पडल्या. पसरणारा रोग तिला होता! वर्षभर तिने तो पदराखाली दडवला; कालिंदीचे काय केले, ते तिला ठाऊक होते ना!

बायका भिंतीला सरकल्या. कालिंदी मात्र उंबरा ओलांडून आली.

"उद्या दवाखान्यात चल माझ्याबरोबर."

"तू नेशील? मला?"

"मग कोण नेईल? ह्या?"

तिने माझ्यात बोट बुडवले आणि रखमाच्या कपाळी कुंकू लावले. जाईबाईंनी मला मागे घेतले नाही. कपाळ पुढे करून म्हणाल्या, "मलाही लाव, पोरी."

मित्रांनो, मला चिंचेने घासले की डाग जातात. ती पुडी मात्र मी विसरलेले नाही. घरात कुणाला असा चट्टा उठला, तर डॉक्टरांचे बोलणे शेवटपर्यंत ऐका. आणि त्या माणसाचा पाट उचलू नका.