दोन्हीकडून बंद

मानवी शरीर ही विश्वातली सर्वात अद्भुत रचना आहे. वॉशरचं म्हणणं एवढंच, की ज्यानं ही लाइन टाकली त्यानं कुठंही कॉक ठेवलेला नाही.

वॉशर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, धंद्यानं प्लंबर. शिडीवरून बेसिनच्या कडेवर पडला, बरगडी मोडली आणि तिच्याखालची रक्तवाहिनी फाटली. काखेखाली पपईएवढी गाठ आली. सर्जननं कापून रक्त काढलं, टाके घातले. चार दिवसांत गाठ पुन्हा हजर. पुन्हा कापलं, पुन्हा हजर. तिसऱ्यांदा उघडलं तर हा टेबलावरच जाईल, असं सर्जन म्हणाले. बहिणीनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की ते चष्मा पुसायला लागले.

मग दुसऱ्या विभागातल्या डॉक्टरबाई आल्या. कापायचं नाही, म्हणाल्या. मांडीतल्या धमनीतून दोऱ्याएवढी नळी आत घालायची, गळतीपर्यंत न्यायची आणि तिथं बारीक तारेची गुंडाळी सोडून रक्तवाहिनी बुजवायची.

पुढचं वॉशरनं आम्हाला इतक्यांदा ऐकवलंय, की मीही आत होतो असं वाटतं. तो जागाच होता. समोरच्या पडद्यावर नळी सरसर वर चढली, पाठीच्या बाजूनं बरगडीच्या फाट्यात वळली. रक्त पडद्यावर दिसावं म्हणून औषध सोडलं तशी एक काळी रेघ उमटली आणि टोकाशी धुरासारखी पसरली. ते त्याचं रक्त होतं. गुंडाळी जागेवर बसली. धूर थांबला. वीस वर्षांत दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय न राहिलेल्या वॉशरनं ती रेघ पडद्यावर पुढपर्यंत नजरेनं तपासली.



"बाई, ही लाइन पुढनं कशाला जोडलीय?"

"छातीच्या हाडामागच्या धमनीला."

"मग तिकडनं उलटं येणार. दोन्हीकडनं बंद करा, नाहीतर परवा मी परत इथंच."

"तेच करायला निघालेय. हलू नका."

नळी पुढच्या बाजूनं शिरली. औषध सोडताच तिकडूनही धूर. वॉशर म्हणतो, असलं काम त्यानं कधी बघितलं नव्हतं. एवढ्याशा बोळात, पाइप चालू असताना, भिंत न फोडता. दुसरी गुंडाळी बसली. बाईंनी तीनदा तपासलं. पडदा स्वच्छ.

"चांगलं काम," तो म्हणाला. हे शब्द त्यानं आजवर फक्त स्वतःबद्दल वापरले होते.

गाठ परत आली नाही. मांडीवरच्या भोकाला टाका लागला नाही. दाढी करताना कापलं की लावतात तसली एक पट्टी लावली, ती दुसऱ्या दिवशी आंघोळीत निघाली.