चुकीचं बोलणारा माणूस

बँकेचा चौकशीवाला कधी प्रश्न विचारत नसे. प्रश्न विचारला की माणूस सावध होतो, आणि सावध माणूस म्हणजे शटर ओढलेलं दुकान. हा मुद्दाम चुकीचं बोलायचा. गुपित पोटात ठेवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. समोरच्याची चूक दुरुस्त न करता पोटात ठेवणारा अजून जन्मायचाय.

त्या दिवशी तो एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी गेला. तिला चौकातला गाळा घ्यायला कर्ज हवं होतं. अर्जात नवऱ्याचा पगार जोडला होता. नवरा छापखान्यात रंग तपासायचा. लेबलावरचा लाल रंग जरा उतरला तरी मशीन थांबवायचा. अर्जात एकच गोष्ट नव्हती. त्याच्या डाव्या डोळ्यापुढे अंधारी येऊ लागली होती. गाळा चालू झाला की त्या पैशातून ऑपरेशन, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

"डोळ्याचं नाव काढायचं नाही," बाईने सासूला बजावलं होतं. "आई, तुम्ही तर तोंडच उघडू नका."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" सासू फणकारली होती.

बाई चहा ठेवायला आत गेली. चौकशीवाल्याला खिडकीत थेंबांची बाटली दिसली.

"आजी, नशीबवान आहात. या वयात डोळे जायचेच, पण सून वेळच्या वेळी औषध घालते."

सासू ताठ झाली. "कुणाचे डोळे गेले? चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते मी!"

"मग ही बाटली?"

"लेकाची आहे ती." इथे तिने जीभ चावली.

"हां, मोतीबिंदू. साधंच दुखणं."

"साधं?" आपल्या लेकाचं दुखणं कुणी साधं म्हटलेलं तिला कसं खपणार? "आतला पडदा सुटत चाललाय त्याचा! मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय."

चहा आला. चौकशीवाल्याने चहातल्या आल्याचं कौतुक केलं. सासू तोंड मिटून बसलेली पाहून सुनेला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बँकेने छापखान्याच्या मालकाला फोन केला. अगदी अदबीने. "साहेब, नोकरीची खात्री करतोय. त्या डोळ्यामुळे कामावर परिणाम होणार नाही ना?" मालकाला डोळ्याची वार्ताच नव्हती. संध्याकाळपर्यंत नवरा खोकी बांधायला बसला, अर्ध्या पगारावर.

आठवड्याने अर्ज फेटाळला. कारण : उत्पन्न अपुरं. हिशोब चोख होता. उत्पन्न आधी कापलं, मग मोजलं.

त्यानंतर फोन आला तो त्याच बँकेतल्या एका गोड आवाजाच्या मुलीचा. "मॅडम, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमची खास योजना आहे. व्याज थोडं जास्त, शिलाई मशीन तारण."

"ऑपरेशनचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"घरातूनच कळलंय मॅडम. सासूबाईंकडून. माहिती पक्की आहे, काळजी नको."

बाईने फोन ठेवला. सासू सुपारी कातरावी तशी चिंध्या कातरत होती. "बँकेचा होता ना? झालं का मंजूर?"

"झालं."

"बघ! मी एक अक्षर बोलले नाही हो."

"माहीत आहे, आई."

ती भांडली नाही. भांडण म्हणजे उधळपट्टी, आणि आता एक रुपया उधळायची सोय उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती ऑपरेशनच्या कर्जावर सही करायला बँकेत गेली. कारकुनाने घरखर्च लिहायला घेतला.

"घरात आणखी कोण?"

"सासू."

"त्यांच्यावर महिना किती धरू? औषधं, खाणंपिणं?"

बाईने आकडा सांगितला. कारकुनाने पेन थांबवून वर पाहिलं.

"मॅडम, एवढ्या कमीत भागतं त्यांचं?"

"आजपर्यंत नव्हतं भागत," बाई म्हणाली. "लिहा तुम्ही."